जरीच्या साडीतली ड्रायव्हर

लेकीला आणि नव्या नातीला दवाखान्यातून आणायला हिंगोलीला निघायचं होतं, आणि आमची कार तर तापत होती. बाळापूरच्या घरासमोर बॉनेट उघडून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊ, हात काढा. वाफ तोंडावर येईल."

शेजारच्या लग्नाला आलेली पन्नाशीची बाई होती. जरीची साडी, केसांत गजरा. तांड्यावरून माणसं आणणारी जीप ती स्वतः चालवायची. इंजिन थंड होईपर्यंत ती पायरीवर बसून निवांत बुंदी खात राहिली. नातीला आणायचंय असं सांगून मी सारखा घड्याळ बघायला लागलो, तर म्हणाली, "लेकरू काय पळून चाललं व्हय?"

मग तिनं झाकण उघडलं. पाणी बराबर होतं. इंजिन चालू केल्यावर पंखाही फिरला. शेवटी तिनं गाडी बंद करून रेडिएटरच्या जाळीत बोट घातलं, तर सोयाबीनचा भुसा निघाला.

"मळणीच्या रस्त्यानं फिरता न्हाई का? आत हवाच जाऊन राहिली न्हाई."

पदर खोचून तिनं आतल्या बाजूनं नळीचं पाणी मारलं. भुसा उलटून तिच्याच साडीवर उडाला, तशी ती खळखळून हसली. पुन्हा गाडी चालू केली. तापमानाचा काटा मधेच थांबला. त्या आनंदात तिचं नाव विचारायचंही राहिलं.

संध्याकाळी आम्ही परतलो, तेव्हा वऱ्हाड निघत होतं. ती जीपमधून उतरली, आमच्या गाडीत डोकावून आधी काटा पाहिला, आणि मग बाळाला घेऊन बसलेल्या लेकीपुढं दोन्ही हात पसरून म्हणाली, "आता आणा तिला इकडं."