पुस्तकबाई आणि ‘ते’ पान

कादंबरी हातात आली की पुस्तकबाई तिचं नाव वाचत नसत. मुखपृष्ठावरच्या नटव्या जोडप्याकडेही बघत नसत. पुस्तक दोन्ही तळव्यांत घट्ट मिटायचं, पानांची उघडी कड उजेडाकडे धरायची, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "एकशे चाळीसच्या मांगं-पुढं हाय." काय आहे, असं त्यांच्या दुकानात पुस्तकं भाड्याने न्यायला आलेली कुठलीही बाई विचारत नसे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पुस्तक घरी नेऊन आधी तेवढंच उघडलं. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर नायिकेचा अंबाडा सुटला होता आणि नायकाला घरी जायची घाई उरली नव्हती.

यात जादू नव्हती, धूळ होती. राजुऱ्यात, आमच्या खाणींच्या गावात, कोळशाची धूळ दार वाजवून येत नाही. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी काळी, आणि बोटांचं तर विचारूच नका. भाड्याने गेलेलं पुस्तक पंधरा-वीस घरं फिरून यायचं. बायका ज्या पानाशी थबकायच्या, पुन्हा मागे जाऊन वाचायच्या, तिथे कडेवर काळपट रेघ उमटायची. बाईंच्या दुकानात पुढे शिलाई मशीन, एका अंगाला फॉल-पिको आणि मागे पत्र्याच्या रॅकवर अशी चारेकशे पुस्तकं. रेघ सगळ्यांच्याच कडेला होती, पण ती वाचायची कशी हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

एकदा त्यांनी दोन पुस्तकं माझ्यासमोर शेजारीशेजारी ठेवली. पहिल्यात रेघ अगदी सुरुवातीला, विसाव्या-पंचविसाव्या पानाशी. त्यापुढची कड कोरी, जणू पुस्तक आजच दुकानातून आलंय. दुसऱ्याची रेघ बरीच पुढे, पण त्याआधीची पानंही सारखी मळलेली आणि नंतरचीही. "हे घे," बाई पहिल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे नेते तशी बाई दुसऱ्या दिवशी वापस आणते. अन् हे दुसरं मागायले मले घरी जा लागते." मी कारण विचारलं. "ज्यानं आधी वाट पाहायले लावली, त्याचं नंतरचंही वाचतात. पहिल्यानं लगेच सारं देऊन टाकलं. मग थांबते कोन?" कादंबरीकलेवर मी पुढे मोबाइलवर बरीच भाषणं ऐकली. त्यातलं एकही इतकं थोडक्यात आटोपलं नाही.

बाई ब्लाऊजही अशाच शिवत. नवं गिऱ्हाईक आलं की टेप गळ्यातच राही. "तुमचं अंगाला बसणारं जुनं ब्लाऊज आणा," एवढंच म्हणत. त्यावरून माप घेत, आणि मग ब्लाऊज कुठेतरी दाटायचंच किंवा ढिलं व्हायचं. शेजारचा शिंपी हसायचा. मीही एकदा म्हटलं, बाई, आधीच टेप लावली तर दोनदा उसवावं लागणार नाही. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा आलेल्या बाईले मी हात नाई लावत. दुसऱ्या खेपेले ती सोताच हात वर करते, म्हणते, घ्या माप. मंग ते माप बरोबर येते. अंग चोरून उभ्या असलेल्या बाईचं माप कधी बरोबर आलं काय?"

आता माझं सांगते, कारण बाईंचं खरं मोठेपण मला माझ्याच अडचणीत कळलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. दिवसभर एका सेवा केंद्रात बसून लोकांच्या उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरायचे आणि उरल्या वेळात, टोपणनावाने, मोबाइलवरच्या एका ॲपसाठी प्रेमकथा लिहायच्या. घरी पत्ता नव्हता. त्याच सुमारास माझं साक्षगंध झालं, साखरपुड्याची अंगठी बोटात आली. मुलगा खाणीत सर्व्हेअर. आम्ही दोनदा भेटलो होतो आणि दोन्ही वेळा खोलीत अकरा माणसं होती. त्याच्याविषयी मला तीन गोष्टी माहीत होत्या: तो बिनसाखरेचा चहा पितो, मान खाली घालून हसतो आणि त्याचे मामा फार बोलतात. लग्नाला दीड महिना होता.

ॲपवर भागाभागाने चाललेल्या माझ्या कादंबरीतल्या मुलीचंही लग्न ठरलं होतं. हा योगायोग होता असं मी तेव्हा स्वतःला बजावत असे. दुसऱ्या भागात मी तिचं लग्न लावून दिलं आणि ॲपवाल्यांकडचा मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या भागात पहिली रात्र येऊ द्या. नाहीतर वाचक सोडून जातात." बरं म्हटलं आणि लिहायला बसले, तर एक ओळ येईना. शेवटी बाईंच्याच रॅकवरच्या पुस्तकांतून थोडं इथलं, थोडं तिथलं उचललं, केंद्रातल्या प्रिंटरवर सात पानं काढली आणि घडी घालून बाईंकडे नेली.

बाईंनी मशीन थांबवलं, चष्मा लावला आणि सातही पानं सावकाश वाचली. "हा पडदा ओढणं त्या वकिलाच्या पुस्तकातलं. हे गजऱ्याचं, डॉक्टर हाय ना, त्यातलं. अन् हे उसासे तर सगळ्यातच असतात." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "यात सगळं तोच करून राह्यला. हिचे हात कुठी हायेत?"

मी म्हटलं, "ती लाजते आहे, बाई."

"लाजणं वेगळं, भेणं वेगळं. ही पोरगी भेली हाय. तू तिले एका अनोळखी माणसासंगं खोलीत ढकललं अन् बाहेरून कडी लावून घेतली." त्यांनी पानं घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "तुह्या लग्नाले किती दिवस हायेत?"

खरं सांगायचं तर मी तिथे रडले. फार नाही, पण नाक पुसायला बाईंच्या चिंध्यांच्या गाठोड्यातला तुकडा घ्यावा लागला इतकं. भीती माझीच होती. आईला आडून विचारलं होतं, तर ती म्हणाली, सगळं आपोआप होतं. मी तेच बाईंना सांगितलं. "आपोआप दूध उतू जाते," बाई म्हणाल्या, "बाकी सगळं करा लागते."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच. "मी एकोणीसची होती. तेरा वर्षं संसार केला, मंग तो गेला. माणूस वाईट नव्हता. दारू नाई, मारणं नाई, पगार हातात आणून द्यायचा. पण पहिल्या दिवशी त्यानं मले काही विचारलं नाई अन् मी काही सांगतलं नाई. त्याले वाटलं, असंच असते. मलेही वाटलं, असंच असते. मंग दोन लेकरं झाली. मंग कोन कोनाले विचारते?" हे बोलताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादं ब्लाऊज कापतानाच चुकलं आणि मग तसंच घातलं गेलं, त्याबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. मला मात्र त्यांच्या त्या गेलेल्या, सज्जन नवऱ्याचा भयंकर राग आला.

"मग मी काय करू?"

"त्याले फोन कर. म्हण, मले वेळ लागन."

"आणि त्याने घरी सांगितलं तर? मोडलं तर?"

"थांबला तर माणूस चांगला. नाई थांबला, तर लग्नाच्या आधी कळलं. अंगठी वापस कराले काही लागत नाई, पोरी."

बोलायला सोपं होतं. आमच्याकडे साक्षगंध मोडलेली मुलगी म्हणजे वर्षभर गावाला पुरणारा विषय. तीन दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत केंद्राच्या मागे, बंद पडलेल्या हातपंपाजवळ उभी राहून लावला. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "लग्नानंतर मला थोडा वेळ लागेल. म्हणजे, ओळख व्हायला." कट झाला की काय म्हणून मी फोन कानावरून काढून पाहिला. मग आवाज आला, "किती वेळ?"

"माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि पुढे, "बरं झालं तुम्ही म्हटलं. माहे दोस्त काहीबाही सांगून राह्यले, मलेच टेन्शन आलं होतं." दोन भेटी, अकरा माणसं आणि एक अंगठी यांतून जे कळलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात कळलं. त्या दिवसापासून लग्नापर्यंत आम्ही रोज सुट्टीत बोललो. मामांचा विषयही निघाला. ते त्यालाही आवडत नव्हते.

लग्न झालं. आम्ही किती दिवस थांबलो हे मी लिहिणार नाही, ते आमच्या दोघांचं. एवढंच सांगते की आधी मला त्याच्या डाव्या पायाचं जुनं दुखणं कळलं, त्याला माझं टोपणनाव कळलं, आमचं एक कडाक्याचं भांडण झालं आणि मिटलं. आणि मग एका रविवारी दुपारी, तो नकाशांवर रेघा मारत बसलेला असताना, मीच उठून त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

कादंबरीतही मी तिसऱ्या भागातली ती सात पानं फाडली. जे घडायचं ते अकराव्या भागात नेलं. ॲपवाला मुलगा चिडला. वाचक सहाव्या भागापर्यंत कुरकुरले, मग कुरकुर थांबली आणि नुसती चौकशी सुरू झाली, आज तरी बोलणार का ते दोघं? अकरावा भाग लिहिताना मला कुणाच्याच रॅकवरून काही उचलावं लागलं नाही.

तो लिहून झाला तेव्हा बाई दुकान आवरत होत्या. साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले होते जवळजवळ. रेघ सोडा, पुस्तकही समोर धरून दिसत नव्हतं. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं नागपूरला नेणार होता. पुस्तकं सुतळीने बांधून ठेवली होती, मशीन विकलं गेलं होतं. मी म्हटलं, "बाई, मी वाचून दाखवू?" त्या म्हणाल्या, "वाच. जोरात वाच, दुकानात आता कोनी येत नाई."

म्हणून मी वाचलं. आधी लाजत, मग न लाजता. तो विचारतो ते, ती थोडा वेळ काही बोलत नाही ते, मग दोघांना एकदमच हसू येतं ते, आणि पुढचंही, काही न गाळता. बाई रिकाम्या रॅकला टेकून बसल्या होत्या. संपलं तसं त्यांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "असं खरंच असते काय? का पुस्तकातच?"

चारशे प्रेमकथा वाटणारी बाई मला विचारत होती. थट्टा सुचेना. त्यांच्या मनाला बरं वाटेल असं काही बोलून वेळ मारून नेता आली असती, पण त्या गंमत म्हणून विचारत नव्हत्या. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं आणि तरी मी खरं तेच सांगितलं.

"असतं, बाई."

त्यांनी मान हलवली. हात पुढे करून चाचपत त्यांनी एका गठ्ठ्याची ढिली झालेली सुतळी शोधून काढली आणि घट्ट केली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी बायकायले खोटं नाई देलं."