महादूअण्णांचे संशय आणि जगातले मोठे शोध

लॅबमधून पेशंट रिपोर्ट घेऊन जातो आणि संशय आमच्या टेबलावर ठेवून जातो. सोलापूरच्या आमच्या हॉस्पिटलात रक्त काढता काढता असे इतके किस्से जमलेत की कुठून सुरू करू कळत नाही. यंदाचे सगळे मात्र एकाच माणसाचे. मंगळवेढ्याचे महादूअण्णा! त्यांच्या बायकोच्या, कमळाकाकूंच्या, दोन्ही किडन्या निकामी. डायलिसिसवर कसेबसे दिवस चाललेले. दुसरं देणारं कुणी नाही, अण्णाच एक किडनी देणार होते. आणि मला खोड अशी, की सुई टोचताना पेशंटला एखाद्या मोठ्या शोधाची गोष्ट सांगायची. तिथंच फसलो!

*

पहिली तपासणी रक्तगटाची. मी सांगितलं, "एका डॉक्टरनं वेगवेगळ्या माणसांचं रक्त मिसळून बघितलं. काहींचं जमलं, काहींच्या गुठळ्या झाल्या. त्यावरनं गट कळले."

रिपोर्ट आला. नवरा-बायकोचा गट एकच.

"परत बगा," अण्णा म्हणाले. "लगीन झाल्यापास्नं आमचं एक मत जुळलं न्हाय, रगात कसं जुळंल?"

परत बघितलं. तेच!

"मग तिचंच दोनदा तपासलं आसंल."

*

पुढं छातीचा एक्स-रे. हा शोध लावणाऱ्यानं आधी बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठीही, असं मी बोलून गेलो.

"व्हय की! अंगठीवरनं वळखलं. न्हायतर हाड कुणाचंबी आसतंय."

अंगावरचं सगळं काढा म्हणून एक्स-रेवाल्यानं बजावलं होतं. तरी फिल्मवर बरगड्यांच्या मधोमध ही भली मोठी किल्ली! अण्णांनी ती बनियनच्या खिशात दडवली होती.

एक्स-रेवाला खवळला. अण्णा खूश. "किल्ली माज्याच घरची हाय. म्हंजी फोटू माजाच!"

*

एक दिवस मी सांगितलं, की हात धुऊन पेशंटला हात लावा म्हणणाऱ्या डॉक्टरला पूर्वी बाकीच्या डॉक्टरांनीच वेड्यात काढलं होतं.

त्याच दिवशी आमचे मोठे सर्जन त्यांना तपासायला आले. अण्णा म्हणाले, "सायेब, आदी हात धुऊन या."

सर गेले की हो बेसिनकडं, मुकाट्यानं!

*

भुलीचं तर विचारूच नका. दात काढणाऱ्या एकानं चारचौघांत भूल देऊन दाखवली, एवढंच मी सांगितलं.

"दात गेला तर जिभंला कळतंय. माज्या दोनी काडल्या तर मला कोन सांगनार?"

"अहो, दोन्ही काढल्या तर तुम्ही विचारायला उरणार नाही!"

"त्येच म्हंतोय की!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. काकू दिवसेंदिवस सुकत चाललेल्या आणि ह्यांच्या शंका संपेनात. ह्या माणसाला द्यायचीच नाही, नुसती कारणं काढतोय, असा आम्हालाच संशय यायला लागला. काकूंनाही आला असावा. त्या बोलायच्याच बंद झाल्या होत्या.

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर स्ट्रेचरजवळ आले. "अण्णा, काही शंका?"

"येकच. दोनींतली कंची काडनार?"

सरांना वाटलं, माणूस घाबरलाय. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका. जास्त चांगली असते ती आम्ही देणाऱ्याकडंच ठेवतो. नियमच आहे तसा."

अण्णा ताडकन उठून बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बगा! ह्यात कायतरी गोंदळ हाय, मी म्हनत न्हवतो?"

आणि सरळ स्ट्रेचरवरनं खाली उतरले.

"चांगली तिला द्या. न्हायतर मी झोपत न्हाय!"