गाठोडी सोडणारी बाई

माझी नणंद चांगली बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की ऐकणारे डोळे ओले करून बसतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तोंड फाटकं, स्वभाव खडूस, आणि मी लग्न होऊन आल्यापासून सात वर्षांत त्यांनी मला एकदाही धड नावाने हाक मारलेली नाही. मी त्यांना वन्सं म्हणते, अहोजाहो करते, आणि मनात जे म्हणते ते इथे सांगत नाही.

वन्सं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होत्या. बावीस वर्षं. त्यातही मशीनवर नाही, इस्त्रीवर नाही, तर गाठोडी सोडायच्या टेबलावर. वॉर्डातल्या चादरी काही घड्या घालून येत नाहीत. जिच्यावर कुणी ओकलं, हगलं, बाळंत झालं नाहीतर मेलं, तिच्यातच बाकीच्या चादरी कोंबून गाठ मारतात, वॉर्डाची चिठ्ठी टोचतात आणि खाली पाठवून देतात. तळघरात ती गाठ कुणीतरी सोडावी लागते. रक्ताचं एका पिंपात, घाणीचं दुसऱ्यात, नुसतं मळलेलं तिसऱ्यात. वरच्या लोकांना पांढऱ्याशुभ्र चादरी दिसतात आणि त्यांना वाटतं, त्या तशाच उगवतात.

गाठोड्यात काय काय निघतं म्हणाल तर कवळ्या, चमचे, चष्मे, अर्धी चावलेली बिस्किटं. एकदा फोन निघाला, तोही वाजत असलेला. वन्संनी ग्लोव्ह घातलेल्या हातानेच उचलला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं की तुमचा फोन धुवायला आलाय, कपडे वाळायच्या आत घेऊन जा. माणूस धावत आला तर त्याला तळघराच्या दारातच उभं करून अर्धा तास झापलं. आजारी माणसाच्या उशाशी फोन ठेवून कॅन्टीनला गेलास कशाला, म्हणून.

आणि सुया निघतात. वर कुणाला घाई असते, सुई डब्यात टाकायची ती चादरीत राहते. सुई कुणाच्या अंगातून निघाली, त्याला काय होतं, हे आम्हाला कोण सांगणार?

त्यासाठी वन्संची पद्धत होती. त्यांनी लोहाराकडून हातभर लांब चिमटे करून घेतले होते, टेबलावरच्या प्रत्येकीला एक. गाठ हाताने सोडायची नाही, सुरीने कापायची. चिमट्याने एकेक कोपरा उलगडायचा, चादर उचलून टेबलाच्या पत्र्यावर झटकायची, आणि ऐकायचं. सुई दिसायच्या आधी ऐकू येते. पत्र्यावर पडली की बारीक टिंग करते. म्हणून आमच्या टेबलाशी बोलायला बंदी होती. कुणी तोंड उघडलं की वन्सं चिमटा पत्र्यावर असा आपटायच्या की दात शिवशिवायचे. बायका त्यांना 'हवालदार' म्हणायच्या. बावीस वर्षांत हवालदाराला एकही सुई टोचली नव्हती.

माझ्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा वन्संनीच मला तिथे चिकटवलं. पोरगी सहा महिन्यांची होती. उपकार केल्याचं रोज ऐकवायच्या. घरात त्यांचं बोलणं, कामावर त्यांचंच बोलणं, सुटका कुठे म्हणून नाही. माझे ग्लोव्ह तपासायच्या, नखं तपासायच्या, न्हाऊन आले का ते चारचौघींत विचारायच्या. मला त्या बाईचा इतका राग यायचा की जेवताना घास फिरायचा.

मग नवा मुकादम आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्याने आल्या आल्या गाठोडी मोजायला सुरुवात केली आणि भिंतीवर तक्ता लावला, कुणी तासाला किती सोडली त्याचा. वन्सं सगळ्यांत खाली. त्याने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, मावशी, चिमट्याने काय झुरळं पकडता का? दुसऱ्या दिवशी सगळे चिमटे त्याच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. हाताने सोडा असं त्याने एकदाही तोंडाने म्हटलं नाही. तेवढा तो हुशार होता.

वन्संनी झाडूच्या दांड्याचे दोन तुकडे केले आणि त्या काठ्यांनी गाठोडी उलगडायला लागल्या. आणखी मागे पडल्या. बाकीच्यांनी हात घातले. मला वन्संनी बजावलं होतं, हात घातलास तर हात मोडून ठेवीन. मी घातला. तक्त्यावर वर जायचं होतं हे खरं, पण त्याहून खरं हे की मला त्यांचं ऐकायचं नव्हतं. दुपारपर्यंत माझं नाव तिसरं होतं, आणि मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून हसले होते.

चार दिवसांनी, सोमवारी अकराच्या सुमाराला, माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई घुसली. ग्लोव्हच्या आत रक्ताचा ठिपका पसरताना मला दिसला. अशा वेळी काय करायचं ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. बोट वाहत्या पाण्याखाली धरायचं, सुई आणि चिठ्ठी जपून ठेवायची म्हणजे कुणाचं रक्त ते कळतं, आणि तसंच वर धावायचं. मी काय केलं? वन्सं दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांना कळलं तर आयुष्यभर ऐकवतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. सुई कचऱ्यात टाकली, चादर चिठ्ठीसकट मशीनमध्ये ढकलली, नवा ग्लोव्ह घातला आणि पुढचं गाठोडं ओढलं. असा गाढवपणा दुसरं कुणी करणार नाही. तो आमच्याच टेबलावर होऊ शकतो, आणि तोही घरातली बाई शेजारी असेल तरच.

घरी आले आणि पोरीला छातीशी धरायला हात उठेना. माझ्या रक्तात काय गेलं असेल ते तिच्यात जाईल, या भीतीने मी गारठले. सासूबाईंना सांगितलं दूध आटलंय, आणि बाटली दिली. पोरगी रात्रभर रडली.

मंगळवारी संध्याकाळी वन्सं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोरीला पाजत का नाहीस?"

"दूध आटलंय, वन्सं."

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "दूध आटलेल्या बाईचा ब्लाउज ओला होत नाही. कधी टोचली?"

मी म्हटलं, काल, अकराला. त्यांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की हातातली बाटली पडली. जवळ घेतलं नाही, धीर दिला नाही. माझं मनगट धरलं आणि चप्पल घालायलाही न देता हॉस्पिटलला ओढत नेलं. वाटेत शेजारीपाजारी बघत होते आणि ही बाई मला मोठमोठ्याने अक्कलशून्य म्हणत होती.

अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की एड्स होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या लवकरात लवकर सुरू करायला हव्यात आणि तीन दिवस उलटले तर त्यांचा उपयोग नाही. महिनाभर घ्यायच्या. पण गोळ्या हॉस्पिटलच्या कोठारातून मिळायच्या तर सुई कामावर टोचली असा कागद लागतो, त्यावर खात्याची सही लागते. त्यांनी स्वतः कोठाराला फोन लावून बघितला. कागद आणा, म्हणाले.

बुधवारी सकाळी मुकादमाने कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. सुई कुठाय? चिठ्ठी कुठाय? कुणी बघितलं? घरी शिवताना टोचली नसेल कशावरून? चौकशी करू, पुढच्या आठवड्यात बघू. मी रडायला लागले तेव्हा त्याने मला बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीचाच मला जास्त संताप आला. गुरुवारी अकराला तीन दिवस भरणार होते आणि हा मला खुर्ची देत होता.

ढकलगाडीवरचं सगळ्यात ओलं गाठोडं वन्संनी खांद्यावर घेतलं, काठ्या काखेत मारल्या आणि जिना चढायला लागल्या. लिफ्टमन घेईना म्हणून तीन मजले चढल्या. मी मागे. पायऱ्यांवर ठिपके पडत होते आणि लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक चालू होती. काचेचं लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सहा-सात माणसं. वन्संनी गाठोडं टेबलावर टाकलं.

"साहेब, हे हाताने सोडा," त्या म्हणाल्या. "आम्ही रोज सोडतो. तुम्ही एक सोडा."

एक जण नाकाला रुमाल लावून बाहेर पळाला. साहेबांनी घंटी दाबली. कुणी यायच्या आत वन्संनी गाठ कापली आणि काठ्यांनी कोपरे उलगडायला सुरुवात केली, शांतपणे, खाली करायच्या तशाच. सुई काही निघाली नाही. ओलं फडकं निघालं, घाण निघाली, आणि ती घाण काचेवरून घरंगळत कुणाच्या तरी वहीपर्यंत गेली. वन्सं म्हणाल्या, या पोरीच्या कागदावर सही करा, नाहीतर खाली अजून साठ आहेत, एकेक आणते. साहेबांनी सही केली. कागदात काय आहे ते त्यांनी वाचलंसुद्धा नाही. साडेबाराला मी पहिली गोळी घेतली.

त्याच दिवशी वन्संना घरी बसवलं आणि पुढच्या आठवड्यात चौकशी लावली. मला साक्षीला बोलावलं होतं. आदल्या दिवशी मुकादमाने मला गाठलं आणि एवढंच म्हणाला की तुमच्या रक्ताच्या तपासण्या सहा महिने चालतील, नोकरी असेपर्यंत त्या इथेच होतील, तेव्हा उद्या फक्त खरं तेवढं सांगा. गोळ्यांनी माझ्या पोटात काही ठरत नव्हतं, पोरगी बाटलीवर होती, नवरा घरीच. मी खरं तेवढं सांगितलं. त्या शिवीगाळ करतात का? करतात. चिमटे हॉस्पिटलने दिले होते का? नाही. गाठोडं कुणी वर नेलं? त्यांनी. हात घाला असं मुकादमांनी तुम्हाला सांगितलं होतं का?

मी म्हटलं, नाही.

वन्सं समोरच्याच खुर्चीवर होत्या. इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. कुलपाबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून बोलले नाही. पंधरा दिवसांनी त्यांना काढल्याचं पत्र आलं. दोन महिन्यांनी धुलाईखान्यात बारा नवे कोरे स्टीलचे चिमटे आले, सोबत 'आपली सुरक्षा आपल्या हाती' असा फलक. मुकादमाने त्या चिमट्यांसोबत फोटो काढून घेतला. माझ्या हातात त्यातलाच एक असतो.

घरी वन्सं आईशी भांडल्या, भावाशी भांडल्या, नळावरच्या बायकांशी भांडल्या. माझ्याशी नाही. मला मीठ कमी झालं म्हणून बोलल्या नाहीत, उशीर झाला म्हणून बोलल्या नाहीत. सात वर्षं मी जे मागत होते ते मिळालं, आणि मला घरात श्वास घेता येईना. त्यांनी बाजारात कोंबड्यांच्या दुकानात काम धरलं. मागच्या मोरीत बसून पिसं उपटायची, पोट फाडायचं, आतडी काढायची. आता या वयात त्यांना दुसरं कोण ठेवणार होतं?

सहा महिने झाले आणि शेवटचा रिपोर्ट आला. काही नाही. रक्त स्वच्छ. मी घरी न जाता आधी त्या दुकानात गेले. वन्सं पाटावर बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात बरबटलेले, गालाला पीस चिकटलेलं. मी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, मला चष्म्याशिवाय दिसत नाही, वाच. मी वाचलं. म्हणाल्या, परत वाच. परत वाचलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी चौकशीत मी..."

"खोटं बोललीस का?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी कोंबडीच्या पोटात हात घातला, आतलं सगळं एका मुठीत ओढून काढलं आणि बादलीत टाकलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आदल्या दिवशी घरी येऊन विचारलं असतंस ना, तर मीच तुला सांगितलं असतं हेच बोल म्हणून. दोघींची नोकरी घालवण्यात काय अर्थ होता? पण तू विचारलं नाहीस. तुला वाटलं, मी तुला अडवीन."

मला खरंच तसं वाटलं होतं. पुढून मालकाने दोन किलोची हाक दिली. वन्सं म्हणाल्या, सरक, उजेड अडवतेस, आणि त्यांनी पुढची कोंबडी ओढली.