बोटाला सापडलं पाहिजे

"बटन दाबून दाबून माहा अंगठा दुखला, पण टीव्ही काही बोलून नाही राह्यला," रामटेके बाबा म्हणाले.

समोर स्क्रीनवर 'नो सिग्नल' झळकत होतं. बाबांना ते दिसणार नव्हतं. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे. तिरोडीच्या मँगनीज खाणीतून ते रिटायर झाले आणि बालाघाटला मुलाकडे आले. मुलगा ड्युटीवर, सून संगीता शाळेत शिकवते. संध्याकाळपर्यंत घरात बाबा आणि टीव्ही. तो गप्प झाला की बाबांचा अख्खा दिवस गप्प. मला फार वाईट वाटलं.

मी टीव्ही मेकॅनिक. हा युनिव्हर्सल रिमोट मीच लावून दिला होता. युनिव्हर्सल म्हणजे टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स, दोन्ही एकाच रिमोटवर.

"भाऊ, रिमोट खराब आहे तुमचा," संगीता म्हणाली. "रोज स्कूल से आके देखती हूँ, बाबा नुसते बसून राह्यते."

माझं डोकं तापलं. खराब माल मी देत नाही. रिमोट हातात घेतला, तर त्याला पॉलिथिन गुंडाळलेलं, वरून घट्ट रबर बँड. नव्या रिमोटची अब्रू आपल्याकडे अशीच झाकतात.

"हे काहून?"

"नवीन आहे ना! हळदीचे हात लागते त्याले."

पाच या आकड्याच्या बटनावर एक बारीक उंचवटा असतो. डोळसांच्या तो लक्षातही येत नाही. बोट तिथं टेकलं की बाकीचे आकडे न बघता सापडतात. पॉलिथिनमध्ये तो पार हरवला होता. मी ते फाडून काढलं. संगीताच्या अगदी जिवावर आलं.

बाबांनी अंगठा फिरवला. "हौ, हा सापडला!"

मी टीव्ही परत सेट-टॉप बॉक्सवर आणून दिला, बाबांनी आकडे दाबले आणि चॅनल लागलं. मी बॅग उचलली, तेवढ्यात पुन्हा 'नो सिग्नल'. आता बाबांचा अंगठा मी नीट पाहिला. आवाजाच्या बटनाला खेटूनच, त्याच आकाराचं सोर्सचं बटन होतं. ते दाबलं की टीव्ही सेट-टॉप बॉक्सला सोडून भलतीकडेच चित्र शोधत बसतो. हा रिमोट डिझाइन करणाऱ्याला एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून बसवला पाहिजे.

"बाबा, तुम्हाले काय काय लागते?"

"आवाज, चॅनल, चालू-बंद. बाकी बटनं तुह्या दुकानात घेऊन जाय."

मी रिमोट उघडला. रबरी बटनाच्या पोटाशी एक काळा ठिपका असतो. तो खालच्या सर्किटला टेकला तरच बटन काम करतं. सोर्ससकट नको त्या सगळ्या बटनांखाली मी चिकटपट्टी लावली. आता कितीही दाबा, काही होणार नाही. आवाज वाढवायच्या बटनावर गोंदाचा एक थेंब वाळवला, म्हणजे तेही बोटाला कळेल. मग बाबांना मुद्दाम चुका करायला लावल्या. चालू-बंदचं सोडून त्यांनी सगळी बटनं मनसोक्त बडवली. टीव्ही बोलतच राहिला. बाबा लहान पोरासारखे हसले, आणि मीही.

आठवड्यानं संगीताचा फोन आला.

"भाऊ, आता अलगच मुसीबत झाली. माझी दुपारची सीरियल संध्याकाळी रिपीट होते, त्याच टाइमाले बाबा बातम्या लावते. रिमोट सोडतच नाही. म्हणते, तुझी सीरियल मी दुपारीच ऐकली, काय झालं ते तुले सांगून देतो."

"हे रिपेअरिंगमध्ये येत नाही, ताई," मी म्हणालो.

रिमोट चांगला की वाईट, हे मी हल्ली डब्यावरचं वाचून ठरवत नाही. घरात त्याच्यावरून भांडण लागलं, की समजायचं, काम फत्ते.