कान चिरलेला बोकड

मुंजाबाला फुटबॉलचा एक नियम धड सांगता आला नसता, आणि तरी छावणीच्या मैदानावर त्याच्याइतका खेळ कळणारा माणूस मी पाहिला नाही. हे मी बोललो की आमच्या क्लबातल्या जुन्या लोकांना अजून झोंबतं. त्याला माझा इलाज नाही.

तो जातीनं धनगर. पावसाळा आमच्या पिशोरकडच्या डोंगरात काढायचा आणि पिकं निघाली की शंभरेक मेंढरं आणि दहाबारा शेरडं घेऊन औरंगाबादेत छावणीच्या माळावर उतरायचा. मैदानावरचं गवत कापायला क्लबाकडे यंत्र नव्हतं आणि माणूसही नव्हता. सकाळी मुंजाबाची मेंढरं गवत खुरटून ठेवायची, संध्याकाळी त्यावर आमचा संघ खेळायचा. तेवढा वेळ मुंजाबा खांद्यावर घोंगडी टाकून, काठीवर हनुवटी टेकून रेघेपाशी उभा असायचा. "कळप फुटला," असं तो पुटपुटला की पुढच्या मिनिटाला आमच्यावर गोल झालाच म्हणून समजा. मेंढरं माघारी वळवायची एक हाक असते, टाळूला जीभ लावून काढलेली. ती त्यानं दिली की पुढे धावलेले आमचे खेळाडू मुकाट्यानं मागे वळायचे. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

गोलकीपरला तो 'राखण्या' म्हणायचा. आमचा राखण्या होता लालमियाँ, स्टेशनवर टांगा हाकणारा, हात कोहळ्याएवढे आणि जीभ तिखट. त्याचं आणि मुंजाबाचं रोज तंबाखूवरून वाजायचं. त्या हिवाळ्यापासून लालमियाँसुद्धा गोलात उभा राहून मुंजाबाची ती हाक द्यायला लागला होता. टांगेवाल्याला धनगराची हाक इतकी बेमालूम कशी जमते, याचं आम्हांला हसू यायचं. कुठून शिकलास, असं मात्र कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि कलेक्टर कचेरीत कारकून. उर्दूतले हुकूम मराठीत उतरवून काढायचे, हे माझं काम. स्वभावानं मी भित्रा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शूर समजायला नको.

पोलीस ॲक्शन अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात झाली आणि निजामी संपली. आधी रझाकारांनी जे करायचं ते केलं होतं. त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या साध्या मुसलमान माणसांच्या वाट्याला जे आलं, तेही आम्ही पाहिलं. ज्यांनी कुणाच्या अंगाला बोट लावलं नव्हतं, तेच जास्त भरडले गेले. मला त्याची वर्णनं करायची नाहीत. सहा महिने उलटले तरी आमच्या संघातल्या सात मुसलमान खेळाडूंपैकी एकजणही शहराची वेस ओलांडायला धजत नव्हता, एवढं सांगितलं तरी पुरे.

अशात मार्चमध्ये जालन्याच्या क्लबानं मॅचचं बोलावणं धाडलं. वरच्या साहेबांना सगळं सुरळीत आहे असं दाखवायचं होतं, म्हणून परवानगी मिळाली. पण ती कशी, तर अकरा खेळाडू आणि एक सेक्रेटरी, एवढ्यांनाच. बाकी पाचाहून जास्त इसमांनी जमून फिरायला मनाई, आणि मॅच बघायला परगावी जायला तर साफ बंदी. हा हुकूम मराठीत मीच उतरवला होता. माझ्याच अक्षरातली बंदी आमच्या मैदानाच्या झाडावर चिकटवलेली होती.

संध्याकाळी मैदानावर बैठक बसली. क्लबाचे सेक्रेटरी आप्पासाहेब, पाचोडकडचे बागाईतदार, म्हणाले, "गाड्या मी देतो. पण रस्त्यात काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

लालमियाँ खाली बसून गवताच्या काड्या तोडत होता. "आप्पासाब, बारा जने अकेले नै जाते," तो म्हणाला. "तुमारे लोगां संगात चले तो हम चलते. नै तो क्लब बंद करके मेंढरां चरने देव."

म्हणजे आता प्रश्न आमचा होता. एरवी बघे म्हणजे ओरडणारे, शिट्ट्या मारणारे लोक. त्या दिवशी बघ्यांवर लालमियाँच्या आणि बाकी सहाजणांच्या जिवाचा भार आला. आम्ही संगं असलो तर वाटेत कुणी हात टाकायला धजणार नाही. नसलो तर सांगता येत नाही. आणि संगं जायचं तर बंदी मोडायची. शेतकरी होते ते म्हणाले, फार तर चार दिवस आत बसवतील. माझी तर नोकरीच गेली असती. हुकूम मी उतरवलेला, म्हणून सगळे माझ्याकडेच बघत होते.

मग मला एक पळवाट आठवली. हुकुमाच्या तळाशी लिहिलं होतं, लग्न, मयत आणि नवस यांस ही मनाई लागू नाही. मी ते बोलून दाखवलं. जालन्याच्या अलीकडे माळावर गैबी पिराचा दर्गा आहे. तिथं कंदोरीला म्हणून निघायचं. कंदोरी म्हणजे पिराला बोललेला नवस फेडायचा, बोकड कापायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. आमच्या भागात हिंदूच्या घरचा नवस असतो आणि सुरी मुल्लाच्या हातात असते, त्यामुळे दोघं एका गाडीत बसलेले कुणाला खटकत नाहीत. "एखादा बोकड दाखवायला संगं नेऊ," मी म्हणालो, "आणि तसाच माघारी आणू." माझ्या हुशारीवर सगळे खूश झाले. मीही झालो.

"पिराच्या नावानं सोंग करायचं नाय," मागून मुंजाबा म्हणाला.

बैठकीत तो कधी बोलत नसे, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या.

"बोकड माझा हाय. कापायचा बी हाय. कंदोरी खरीच व्हईल."

"पण नवस कशाचा?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नवस फेडल्याबिगर सांगत नसत्यात," तो म्हणाला आणि मेंढरांकडे निघून गेला.

मला वाटलं, गडी बेरकी आहे, सोंगाला पक्कं करतोय. माणूस ओळखण्यात मी किती कच्चा होतो, ते यावरून समजावं.

तीन बैलगाड्यांतून आम्ही एकवीसजण पहाटे निघालो. बारा परवानगीचे आणि नऊ नवसाचे. मुंजाबानं निघताना काठीच्या टोकानं एकेकाला मोजलं, मेंढरं मोजावीत तसं. बोकड त्याच्या गाडीमागे चालत होता. कळपाच्या पुढे चालणारा काळाभोर बोकड, मुंजाबाच्या हातचं मीठ खाऊन वाढलेला. त्याच्या उजव्या कानाला लांब चीर होती. कुत्र्यानं धरला असेल, असं मी समजत आलो होतो.

गावं आली की मुसलमान खेळाडू गाडीत अंग चोरून बसायचे आणि आम्ही कडेला सरकायचो. कुणी ठरवलं नव्हतं. एका गावात पारावरच्या माणसांनी उठून गाड्यांकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या शेजारी लालमियाँ गाडीची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. कोहळ्याएवढ्या हातांचा तो माणूस त्या गावातून बाहेर पडेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पहिला मुक्काम निभावला. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि बदनापूर मागं पडलं, तेव्हा नाक्यावर फौजदारानं गाड्या अडवल्या. त्याच्या बाजूला गावातली सातआठ माणसं काठ्या घेऊन बसली होती. फौजदार मराठवाड्यातलाच, मिशीवाला, कंटाळलेला. त्यानं परवानगीचा कागद वाचला, बाराजण वेगळे काढले आणि आम्हां नवांकडे बोट केलं.

"ह्ये कोण?"

"कंदोरीला चाललो," मी म्हणालो.

"कंदोरी आन् मॅच एकाच दिशी? लई जुळवून आणलंय." तो हसला. मग मुंजाबाकडे वळला. "बोकड तुझा?"

"व्हय."

"कंदोरी नवस फेडायची असती. म्हंजी मागितलं ते घावलं. काय घावलं तुला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. बंदी मी वाचली होती, पळवाट मी काढली होती, पण नवस आधी पुरा व्हावा लागतो आणि कंदोरी मागाहून होते, ही शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट माझ्यासारखा शिकलेला कारकून विसरला होता.

मला वाटलं, मुंजाबा अडकला. तो समोरच्या माळावर बघत होता. तिथं टेकाडावर दर्ग्याचं हिरवं निशाण फडकताना दिसत होतं. त्यानं पायताणं काढली, काठी खाली ठेवली आणि फौजदाराकडे पाठ करून त्या निशाणाला हात जोडले.

"म्या फौजदाराला सांगत नाय, पीरबाबा. तुला सांगतोय. तू दिसतूस म्हणून हितूनच सांगतो," तो म्हणाला. "भादव्यात ह्यो लालमियाँ भाडं घेऊन पिशोरकडं आला व्हता. टांगा टाकून माझ्या तळाकडं पळत आला. मागं माणसं व्हती. म्या त्याला माझी घोंगडी दिली, काठी दिली, मेंढरांत हुबा केला. ह्यो माझा मुका भाऊ हाय म्हणून सांगितलं. अकरा दिस ह्यो मुका व्हता. बोलला असता तर बोलीवरून कळलं असतं. निसती मेंढरं वळवायची हाक द्यायचा. तवा म्या तुला बोललो व्हतो, ह्यो जिता घरी पोचू दे, कळपाच्या मोहरचा बोकड तुझा. त्याच दिशी त्याच्या कानाला चीर पाडली. ह्यो पोचला. बंदीत नवसाला सूट हाय ह्ये मला ठावं नव्हतं, म्हणून यायला उशीर झाला, तेवढं पोटात घाल."

काठ्या घेतलेली माणसं आमच्यापासून पाच हातांवर होती. भादव्यात लालमियाँच्या मागं लागलेले लोक याच माणसांसारखे असणार, हे मुंजाबाला कळत नव्हतं असं नाही. त्यांच्या देखत त्यानं स्वतःचा ठावठिकाणा आणि केलेली गोष्ट उघडी करून ठेवली होती. मी त्याच्याकडे बघत राहिलो. सगळा हिवाळा हा माणूस रोज माझ्या शेजारी उभा राहून तंबाखू मळत होता, आणि मला त्याचा थांग लागला नव्हता. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि धीर झाला नाही.

लालमियाँ गाडीतून उतरला होता. अकरा दिवसांचं त्याला ठाऊकच होतं. मुंजाबाच्या जिवाला धोका नको म्हणून त्यानं ते घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पण नवसाचं त्यालाही नवीन होतं. "मेरेकू बोल्या नै तू," तो एवढंच म्हणाला. मग बोकडाच्या पाठीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

काठीवाल्यांतला एक म्हातारा उठला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो शेजारच्या झोपडीतून एक नारळ घेऊन येत होता. त्यानं तो मुंजाबाच्या हातात दिला.

"माझ्या सुनेचा नवस ऱ्हायलाय भादव्यापून," म्हातारा म्हणाला. "आमच्यातलं कुणी तिकडं जायाला धजंना. एवढा पिराला दे. सारजाबाईचा म्हणावं."

फौजदारानं कागदाची घडी घातली. "नवसाला मनाई नाय," तो म्हणाला, आणि बैलांच्या वाटेतून बाजूला झाला.

दर्ग्यावर मुल्लानं सुरी चालवली तेव्हा मुंजाबानंच बोकडाचा तो चिरलेला कान धरला होता. त्यानं तोंड फिरवलं नाही. डोळ्यांतलं पाणीही पुसलं नाही. आम्ही एकवीसजण, मुल्ला आणि दर्ग्यापाशी गुरं राखणारे चारजण एका पंगतीला जेवलो. पहिला घास मुंजाबानं लालमियाँला दिला.

चार वाजता मॅच झाली. आम्हां नवांना ओरडायची सोय नव्हती. छावणीचे म्हणून कळलं असतं तर हाकलून दिलं असतं. जालन्याच्या लोकांत मिसळून आम्ही गप्प उभे होतो. एकदा कळप फुटला तेव्हा मुंजाबाला राहवलं नाही, त्यानं हाक दिली. लगेच पलीकडून, गोलातून, तशीच हाक आली. जालनेकर हसले. आमच्यापैकी कुणी हसलं नाही, कारण ती हाक कुठं शिकलेली आहे ते आता आम्हांला माहीत होतं. आम्ही दोन विरुद्ध एकनं हरलो. आप्पासाहेबांनी दोष मटणाला दिला आणि तीन दिवस रुसून बसले.

परत छावणीत उतरलो तेव्हा मुंजाबानं पुन्हा काठीच्या टोकानं मोजलं. एकवीस भरले. मग तो मेंढरांकडे गेला.

आठवड्यानं मी त्याच्या तळावर सहज गेलो होतो. एक तांबडं करडू माझ्या धोतराचा सोगा चघळायला लागलं. हाकलायला वाकलो तर त्याच्या उजव्या कानाला चीर दिसली. ताजी नव्हती, खपली धरून सुकत आलेली होती. म्हणजे आम्ही निघण्याच्या आधीची. मी मुंजाबाकडे पाहिलं. त्यानं तंबाखूची चिमूट पुढे केली. फेडल्याशिवाय तो सांगणार नव्हता, म्हणून मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षापर्यंत बंदी उठली होती. त्याच दर्ग्यावर, वाढलेल्या त्या तांबड्या बोकडाचा कान धरून मुंजाबा मोठ्यानं म्हणाला, "पीरबाबा, गेल्या साली एकवीस न्हेले व्हते. एकवीस माघारी आणलेस."

तोवर मी त्या प्रवासाची गोष्ट सांगायचो ती अशी, की आम्ही नऊजणांनी लालमियाँला सांभाळून नेलं. ते ऐकल्यावर माझ्या ध्यानात आलं, की एकविसांत मीही मोजला गेलो होतो. माझ्या जिवासाठी नवस बोलणारी माणसं मला दोनच माहीत आहेत. एक माझी आई, आणि दुसरा मुंजाबा.