ताऱ्यावरच्या जनावरांचे रोट

भाईदासचं अर्धं आयुष्य माळ्यावर गेलं. ज्वारीच्या शेतात चार मेढी रोवून वर बांधलेला तो माळा. दिवसा गोफण फिरवून पाखरं हाकायची, अंधार पडला की डुकरांसाठी पत्र्याचा डबा बडवायचा. मधल्या वेळात करण्यासारखं काही नसे, म्हणून तो उताणा पडून चांदण्या बघायचा. शास्त्रातलं नाव त्याला एकीचंही माहीत नव्हतं, पण कोणती कधी उगवते आणि कोणती उशिरा येऊन लवकर पळते, हे तो भाऊबंदांच्या खोडी सांगाव्यात तसं सांगायचा. बायको यशोदाबाई म्हणे, या माणसाशी संसार करायला शिडी लागते. म्हणायची चिडून, पण त्याची भाकर घेऊन माळ्याची शिडी चढायचीही तीच.

पारोळ्याच्या बाजारापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. धाकटा भाऊ देवचंद शेजारीच, मातीच्या एकाच सपाट धाब्याखाली, मध्ये फक्त एक भिंत. ही भिंत आधी नव्हती. वाटण्या झाल्या तेव्हा ती आली, आणि त्याच वाटण्यांत बैलजोडीही फुटली. मोऱ्या भाईदासकडे राहिला, पांढऱ्या देवचंदकडे गेला. तरी नांगराला दोघं एकत्रच जुंपले जात, त्यामुळे कुणाला काही तुटल्यासारखं वाटलं नाही. पण एका बाजारच्या दिवशी देवचंद पांढऱ्याला घेऊन गेला आणि परतला तो एस.टी.च्या टपावर टीव्हीचं खोकं टाकून.

भाईदास त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. खान्देशी माणूस शिव्या देतो तोवर काळजीचं कारण नसतं, पण हा गप्प झाला तो चार वर्षं गप्पच राहिला. भावाभावांचं बोलणं बंद पडलं. जावांचं मात्र चालूच होतं, कारण पाणी एकाच विहिरीवर भरायचं आणि जगातल्या बातम्या तिथंच कळायच्या.

आता गंमत अशी, की त्या टीव्हीचा अँटेना लावला होता धाब्यावर, भाईदासच्या बाजूला. वाऱ्याने तो फिरला की देवचंदच्या घरात चित्राच्या लाटा व्हायच्या आणि पोरं ओरडायची. भाईदास निमूट धाब्यावर चढून अँटेनाची नळी इकडेतिकडे फिरवायचा. खालून आवाज यायचा, "उनं, उनं, ऱ्हाऊ द्या." चित्र आलं, एवढं कळलं की नळी सोडून तो उतरायचा. ना त्याने कधी काही म्हटलं, ना देवचंदने. हे बोलणं नव्हे, असं दोघांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

अशा एका रविवारी सकाळी नळी फिरवून उतरताना त्याला भावाच्या खिडकीतून ते दिसलं. कार्टून. दूरच्या कुठल्या ताऱ्यावर जनावरंच जनावरं राहतात. तिथला एक हत्ती, एक उंट, एक माकड, एक बदक आणि एक पांढरा बैल भोपळ्यासारख्या यानात बसून पृथ्वीवर उतरतात, माणसांना मदत करायला. मदत अशी, की पूल बांधायला गेले तर हत्ती वर बसून बघतो, पक्का झाला का, आणि पूल खाली. आग विझवायला गेले तर बदक सगळं पाणी स्वतःच अंगावर घेऊन पोहत बसतं. शेवटी कसंतरी सगळं ठीक होतं आणि माणसं हसतात. हिंदी भाईदासला अर्धी समजायची. उरलेली अर्धी त्याला नकोच होती.

तो हातात अंबाडी घेऊन भिंतीला टेकायचा, दोर वळायचं निमित्त करायचा आणि दर रविवारी बघायचा. देवचंदने खिडकी कधी लावली नाही. उलट एके रविवारी टीव्हीचं टेबल खिडकीच्या बाजूला जरा तिरकं झालेलं दिसलं. कुणी केलं ते कुणी विचारलं नाही.

बैल दिसला की भाईदासचा दोर वळणारा हात थांबायचा. तसाच पांढरा, तसंच एक शिंग जरा आत वळलेलं. त्याला वेड लागलं नव्हतं. चित्र ते चित्र, हे त्याला कळत होतं. पण माळ्यावर पडल्या पडल्या त्याने एक तारा मुक्रर केला होता. सातपुड्याच्या अंगाला, जरासा पिवळट. पांढऱ्या तिथं आहे, पोटभर खातो आणि आठवड्यातून एकदा लोकांची कामं बिघडवायला खाली येतो, असं मानलं की झोप बरी लागायची. मोऱ्यालाही त्याने हे सांगितलं होतं. मोऱ्या रवंथ करत राहिला, म्हणजे त्याला पटलं असावं.

त्या श्रावणात यशोदाबाईने धोशा लावला, की यंदा कानबाई देवी बसवायचीच. कानबाई या घराण्यात थोरल्याच्या घरी बसायची, आणि चार वर्षं ती बसली नव्हती. कारण कानबाईचे रोट. घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची सव्वा मूठ मोजायची, ते सगळं एकत्र दळायचं, त्याचा स्वयंपाक करायचा आणि तो भाऊबंदांनीच खायचा. परक्याला घास द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, उरवायचा तर मुळीच नाही. त्यांच्यात ते फार वाईट समजत. भाईदासला मूलबाळ नव्हतं. भाऊ बोलत नाही म्हटल्यावर मोजायची ती एकच मूठ. एका मुठीची कानबाई कुठे बसते का, या लाजेनेच तो दरवर्षी काहीतरी कारण काढायचा.

यंदा तो हो म्हणाला. यशोदाबाईने सूप पुढे केलं. भाईदासने डोळे मिटले, स्वतःच्या नावाची मूठ टाकली. मग थांबला, आणि आणखी पाच टाकल्या.

"ह्या पाच कोना नावन्या?" यशोदाबाईने विचारलं.

"त्या ताराना जनावरे शेतस ना, त्यास्न्या."

"येडा हुई ग्यात का तुम्ही?"

"इतला लांबथीन येतस, लोकेस्नी कामं करतस, आनि उपाशी जातस," भाईदास म्हणाला. "त्यास्नं बी आठे कोनी नही."

यशोदाबाईने कपाळावर हात मारला. कुणाच्या नावाने मोजलेली मूठ परत कणगीत टाकता येत नाही. आता सहा जणांचे रोट होणार आणि खाणारी दोन तोंडं. उरलं तर वर्षभर जिवाला घोर. ती सूप घेऊन तशीच बसली आणि मग तिच्या लक्षात आलं. हत्ती, उंट, माकड, बदक. देवचंद अंगाने दांडगा. त्याचा मोठा मुलगा अभिमन उंच मानेचा, धाकटा सुपडू झाडावरून न उतरणारा. आणि अभिमनचा पोरगा वना नुकताच डुलत डुलत चालायला लागलेला. नवऱ्याच्या जिभेला जी नावं घेता येत नव्हती, ती मुठीने घेतली होती. तिला हसूही आलं आणि रडूही आलं. पाचवी मूठ कुणाची, हे तिला विचारावं लागलं नाही.

तिने सूप बाजूला ठेवलं. घागर उचलली आणि विहिरीवर गेली. घरात पाणी भरपूर होतं. विहिरीवर देवचंदची नर्मदाबाई होतीच.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे लावले, नथ घातली, लुगडं नेसवलं. भाईदास तिच्यासमोर हात जोडून बसला खरा, पण कान भिंतीकडे होते. पलीकडे कार्टून सुरू झालं होतं. यानाची ती शिट्टी, मग पोरांचं हसू, मग काहीतरी धपकन पडल्याचा आवाज. हत्ती असणार. चुलीवर पुरणपोळ्या फुगत होत्या, एकावर एक चढत होत्या, आणि दर पोळीगणिक भाईदासचा धीर सुटत चालला होता. आपण हे काय करून बसलो? जनावरं काय खरोखर येणार आहेत? देवीच्या घरात पोरखेळ केला आपण.

यशोदाबाईने सहा पाट मांडले. तो मोजत राहिला आणि त्याला फारच एकटं वाटलं.

मग भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. कार्टून अजून संपलेलं नव्हतं, शेवटचं गाणं व्हायचं होतं. वीज गेली म्हणावं तर कानबाईवरचा विजेचा दिवा जळत होता. टीव्ही कुणीतरी बंद केला होता.

दारात सावली पडली. देवचंद उभा होता, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. मागे दोन्ही पोरं, सुपडूच्या कडेवर वना. देवचंदचा घसा चार वर्षं या दिशेला वापरलेला नव्हता, त्यामुळे आधी नुसतं खाकरणं आलं.

"हत्ती उना शे, भाऊ," तो म्हणाला. "उंट, माकड, बदक बी संगे शेतस. ताटं वाढा."

 भाईदासने नुसतं पाटाकडे बोट केलं. सगळे बसले. नर्मदाबाई मागच्या दाराने केव्हाच आत येऊन वाढू लागली होती. पोळ्या भराभर संपू लागल्या. वनाने खिरीत दोन्ही हात घालून खऱ्या बदकासारखा गोंधळ केला, आणि दोघं भाऊ एकदमच हसले. हसल्यावर दोघांनीही खाली बघितलं.

शेवटी एक ताट भरलेलं राहिलं. त्यापुढे पाट होता, पाटावर कुणी नव्हतं.

"हाई कोनं शे?" देवचंदने विचारलं.

भाईदासने ते ताट जरा पुढे सरकवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

देवचंदने त्या ताटाकडे बघितलं. त्याची मोठी मान खाली गेली. मग तो उठला, मागल्या दाराने गोठ्यात गेला आणि मोऱ्याला सोडून घेऊन आला. जनावर उंबऱ्याशी अडलं, हे घर माणसांचं म्हणून. देवचंदने त्याच्या मानेवर हात ठेवला. चार वर्षांनी ठेवला, तरी मोऱ्याने तो हात हुंगला, चाटला, आणि खुरांचा आवाज करत कानबाईसमोर येऊन उभा राहिला.

देवचंदने पाटावर बसून ते ताट मांडीवर घेतलं आणि एकेक घास त्याला भरवू लागला.

"खाय रे," तो म्हणाला. "तुना भाऊना वाटाना शे. मी इकना त्याले."

विकल्याचं ते भावाच्या तोंडून ऐकून भाईदास पुढे सरकला. शेवटचा घास राहिला होता, तो दोघांनी मिळून भरवला. ताटात काही उरलं नाही.

भिंत अजून आहे. पण पुढच्या रविवारी भाईदास खिडकीशी नव्हता. आत होता, देवचंदच्या बाजेवर, वनाला मांडीवर घेऊन. मध्येच चित्र हललं तेव्हा सवयीने तो उठायला लागला.

"बस, भाऊ," देवचंद म्हणाला, आणि स्वतः धाब्यावर चढला.

बराच वेळ तो वर नळी फिरवत राहिला. चित्र केव्हाच नीट झालं होतं. पांढरा बैल यानातून उतरत होता. पण "उनं, ऱ्हाऊ दे" हे ओरडायचं भाईदासला सुचलंच नाही.