क्लॉझेटमधले देव

आमच्या घरातले देव तेरा वर्षं क्लॉझेटमध्ये राहिले. आधी अपार्टमेंटमध्ये, आणि मग अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावाबाहेर स्वतःचं घर घेतल्यावर तिथेही. घर चांगलं ऐसपैस होतं. हॉलमध्ये फायरप्लेसच्या शेजारी, खिडकीखाली, मोकळी जागा होती. बायकोनं पहिल्याच दिवशी तिकडे बोट दाखवलं.

"देव इथे ठेवू या का हो? सकाळचं ऊन येतं."

मी म्हटलं, स्मोक अलार्म वाजेल. हे कारण खोटं होतं. अलार्म होता क्लॉझेटच्याच दाराबाहेर, आणि उदबत्तीनं तो पुढे कितीदा तरी केकाटला. खरं कारण असं की मी नास्तिक होतो आणि नास्तिक असल्याची मला घमेंड होती. हॉलमध्ये माझी पुस्तकं राहणार होती.

मग देवघर गेलं दाराजवळच्या क्लॉझेटमध्ये. माणूस आत बसू शकेल एवढी ती खोली, कोट, बूट आणि व्हॅक्यूम क्लीनर ठेवायची. तिथल्या खालच्या फळीवर छोटं लाकडी देवघर ठेवून त्यात तिनं आपली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मांडले. लग्नात तिच्या आईनं दिलेले, नागपूरहून साडीच्या घडीत गुंडाळून आणलेले. ती रोज सकाळी पाट टाकून बसे, निरांजन लावे. हिवाळ्यात मला कामावर जायची घाई असे. माझा कोट तिच्या पलीकडच्या दांडीवर. मी बूट घालून तिच्या डोक्यावरून हात घालायचो आणि कोट ओढून घ्यायचो. ती मान जरा खाली करायची. "ऑफिसमध्ये माझ्या कोटाला उदबत्तीचा वास येतो," अशी वर तक्रारही करायचो. आज हे लिहिताना कानशिलं तापतात. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

शनिवारी आम्ही चार मित्र जमत असू. सगळे मराठी, सगळे इंजिनिअर, सगळे माझ्यासारखेच शहाणे. अतिरेकी हल्ल्यात ते जुळे मनोरे पडून काही वर्षं झाली होती. राष्ट्राध्यक्षांपासून गावातल्या उमेदवारापर्यंत जो तो आपण प्रार्थना करून निर्णय घेतो असं सांगायचा, आणि आम्ही त्यांची टिंगल करायचो. सगळ्यात जोरात मी. ज्याला स्वतःचं डोकं वापरता येत नाही तो देवाचं वापरतो, हे माझं ठरलेलं वाक्य. दर वेळी हशा मिळायचा.

आणि मग मीच निवडणुकीला उभा राहिलो. गावातल्या शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाच्या. शाळेतला ऑर्केस्ट्रा बंद करायचं घाटत होतं आणि माझी मुलगी व्हायोलिन वाजवायची, हे लोकांना सांगायचं कारण. दुसरं कारण, आपण कुणीतरी आहोत हे दिसावं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांनी प्रचाराची सगळी सूत्रं हातात घेतली. बाई सरळ होत्या. पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही.

उमेदवारांची सभा शाळेच्या कॅफेटेरियात झाली. शंभरेक लोक असतील. बायको आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. खर्चाचे, बसचे, परीक्षांचे प्रश्न झाले. मग चौकड्यांचा शर्ट घातलेले एक आजोबा उठले आणि त्यांनी अगदी सौम्यपणे मला विचारलं, तुम्ही निर्णय घेता त्यात तुमच्या श्रद्धेचा वाटा किती?

प्रश्न फक्त मला होता. बाकीच्या तिघा उमेदवारांना कुणी विचारलं नाही; ते कुठल्या चर्चमध्ये जातात ते गावाला माहीतच होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं: श्रद्धा ही खाजगी बाब आहे, शाळेचे निर्णय मी आकडे पाहून घेईन. खरं आणि सभ्य उत्तर. पण सगळे चेहरे माझ्याकडे वळले आणि माझी जीभ भलतीकडेच गेली.

"आमच्या घरी रोज सकाळी देवापुढे दिवा लागतो," मी इंग्रजीत म्हणालो. "माझी बायको लावते. त्या दिव्यापुढे डोकं टेकल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही."

टाळ्या पडल्या. आजोबांनी मान डोलावली. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.

परतताना गाडीत मुलगी मागून म्हणाली, "बाबा, यू डोन्ट डू दॅट. यू जस्ट टेक युअर कोट."

मी म्हटलं, निवडणुकीत असं बोलावं लागतं. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत ती म्हणाली, "ऐकायला बरं वाटलं मला."

शिक्षिकाबाई माझ्या उत्तरावर बेहद्द खूश होत्या. पत्रकावर तुमचा सहकुटुंब फोटो टाकू, त्या देवापुढचाच, असं त्यांनी फोनवर सुचवलं. मी हो म्हटलं. आता व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी फोटो कसा काढणार? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे नास्तिकाला देवाचेच धरायचे होते. शनिवारी सकाळी उठून मी क्लॉझेटमध्ये शिरलो आणि देवघर उचलायला लागलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, काय करताय?"

"बाहेर ठेवतोय. खिडकीपाशी."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "आधी हातपाय धुऊन या."

मी धुऊन आलो. आम्ही दोघांनी मिळून देवघर हॉलमध्ये आणलं. तिनं देव घासले, पुसले, खाली स्वच्छ वस्त्र घातलं. ऊन खरंच येत होतं. फोटोचं तिला सांगायचं होतंच मला. तेवढ्यात तिनं नागपूरला फोन लावला. मी कॉफी करत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, ह्यांनी स्वतःच्या हातानं देव हॉलमध्ये आणले. नाही गं, मी काही बोलले नाही. आपणहून." मग तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "अगं, रडतेस काय?"

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी कॉफीत साखर ढवळत बसलो.

अकरा वाजता शिक्षिकाबाई कॅमेरा घेऊन आल्या. बायकोनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत गेली आणि रेशमी साडी नेसून आली. फोटोत मी हात जोडून डोळे मिटलेत. ती मात्र समोर बघतेय.

त्या संध्याकाळी तिनं एवढंच विचारलं, "निवडणूक झाली तरी इथेच ना?"

"इथेच," मी म्हटलं. "वचन देतो."

पुढचे तीन आठवडे देव हॉलमध्ये होते; प्रचाराच्या गडबडीत मित्रांचं शनिवारचं जमणं तेवढं बंद होतं. एकदा-दोनदा जाता जाता मी हातही जोडले, ती बघत असताना. ती कधी फोटोबद्दल बोलली नाही. वाती वळताना काहीतरी गुणगुणायची, जे मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कारण काहीही असो, देव उजेडात आले, यावर तिनं मनाची समजूत घातली असावी. मीही स्वतःला सांगितलं की खोट्यातून का होईना, एक चांगलं काम झालं.

मी निवडून आलो. त्या शनिवारी तिघे मित्र बायकांसह जेवायला येणार होते. सकाळी मी हॉल आवरत होतो आणि त्या खिडकीपाशी येऊन थबकलो. शाळेच्या कॅफेटेरियात मला नास्तिक असल्याची भीती वाटली होती. आता आस्तिक दिसण्याची वाटत होती.

"आजच्या दिवस देव आत ठेवू या का?" मी म्हटलं. "गर्दी होईल. कुणाचा धक्का लागेल."

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं, देवांना नमस्कार केला आणि एकटीनंच देवघर उचललं. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "असू दे."

जेवायला बसायच्या आधी एका मित्रानं खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं. त्याच्या ऑफिसातला एक जण आमच्या गावात राहायचा, त्यानं दिलं होतं. फोटो सगळ्यांना दाखवत तो म्हणाला, "काय यार, हे देवघर गेलं कुठे? शूटिंगपुरतं भाड्यानं आणलं होतंस का?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "मतांसाठी काय काय करावं लागतं यार! निवडणूक संपली, देवांना सुट्टी."

आणखी मोठा हशा झाला. माझं वाक्य संपताना बायको श्रीखंडाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिनं पातेलं टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना वाढलं. मला इतरांपेक्षा कमी नाही, जास्त नाही. "घ्या ना अजून," म्हणाली.

माणसं गेल्यावर मी क्लॉझेटपाशी गेलो. म्हटलं, चल, देव बाहेर आणू.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना सारखं हलवू नये."

तिचा आवाज चढला नव्हता. भांडली असती तर मी वाद घातला असता. वाद मला येतो. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली होती!

ऑर्केस्ट्रा वाचला. लोक अजूनही कधी दुकानात भेटले की त्या दिव्याबद्दल बोलतात. सुंदर उत्तर होतं म्हणतात. मी आभार मानतो.

त्याच आठवड्यात तिनं माझे सगळे कोट क्लॉझेटमधून काढून जिन्यापाशी हुकांवर लावले. बूटही तिथेच खाली ओळीनं ठेवले. "तुम्हाला घाईत सोपं पडेल," म्हणाली. आता सकाळी ती आत जाते आणि दार आतून ओढून घेते. मला तिच्या डोक्यावरून हात घालावा लागत नाही. हुकावरचा कोट घ्यायचा आणि निघायचं. गाडीत बसल्यावर कधी कधी मी बाही नाकाशी नेऊन बघतो. कोटाला कसलाच वास येत नाही.